कोविड ड्यूटी संपून वर्षे झाली, तरी नर्स असलेल्या माझ्या बहिणीला रात्री झोप का लागत नाही?

आपल्या बहिणीला आजही रात्री अडीचच्या सुमारास जाग येते आणि घरातले ‘आता सगळं संपलं की’ म्हणून विषय मिटवतात, असे आपण लिहिले आहे. मी कोल्हापुरातच परिचारिका आहे आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अतिदक्षता विभागात होते, म्हणून उत्तर देते.

त्या काळात रुग्णाचा ऑक्सिजन घसरला की मॉनिटर वाजे आणि आम्ही धावत असू. जुलैत पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आमच्यापैकी काहीजणी घरी न जाता लागोपाठ पाळ्या करीत राहिल्या. पुढे दोन वर्षांनी एका रात्री घरातल्या फ्रिजचे दार उघडे राहून तो वाजू लागला आणि मी अर्धवट झोपेत चपला घालून दारापर्यंत पोहोचले. “कुठं निघालीस गं एवढ्या रात्री?” असे सासूबाईंनी विचारले, तेव्हा मला भान आले.

धोका टळला तरी शरीराची सावध राहण्याची सवय लगेच सुटत नाही, आणि अंथरुणात तळमळत पडण्याने अंथरूण व जागरण यांची सांगड अधिकच घट्ट होते. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने चालले तर तो जुनाट निद्रानाश समजतात. त्यावर पहिला उपचार गोळी नसून निद्रानाशासाठीची सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) ही विचार व सवयी बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धती आहे. उठण्याची वेळ शक्यतो ठरलेली ठेवायची, साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसायचे आणि डोळे जडावले की मगच परतायचे, हा तिचा गाभा आहे. मला पहिले दोन आठवडे अतिशय जड गेले.

आम्हा लोकांच्या हाताशी औषधे असतात, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. तिने मनाने झोपेची गोळी सुरू केली असेल तर ती अचानक बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावी. त्या वॉर्डाची स्वप्ने पडत असतील, तिकडे जाणे ती टाळत असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

आणि रात्रपाळीहून ती आली की खोलीत अंधार करून द्या, पाहुण्यांना दुपारनंतर बोलवा.