लाल पानं कुठून आणू?

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची, छोट्या शिशूत आहे. शाळेने ‘ऑटम’चा प्रकल्प दिलाय, लाल-पिवळी पानं गोळा करून चिकटवायची. आमच्या सोसायटीतली झाडं तर हिरवीगार! शेवटी लाल कार्डशीट आणून रात्री मीच पानं कापत बसले. बाई, या दिवसांत एवढ्या लहान मुलांकडून काय करून घ्यावं?
– एक आई, नाशिक

उत्तर : ती कात्री आधी बाजूला ठेवा. हस्तकाम मुलीचं आहे, तुम्ही फक्त शेजारी बसायचं. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनातली. शरदात आपल्या हाताशी असतात आपटा, झेंडू आणि माती. बालवाडीत मी हेच वापरते.

दसऱ्याला घरी आलेलं आपट्याचं एक पान घ्या, ताजंच. वाळलं की चुरा होतो. शिरांची बाजू वर करून टेबलावर ठेवा, त्यावर पातळ कागद. मेणखडूचं वेष्टण काढून खडू आडवा धरायला द्या. कागद सरकतो आणि मुलं चिडतात, म्हणून त्याची कड तुम्ही दाबून धरा. देठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा कागदावर उमटायला लागल्या की मूल आपोआप हळू घासू लागतं. तेवढा वेळ गप्प बसा, ‘इकडे राहिलं’ म्हणू नका. यासाठी फांदी तोडू नका. एक पान अख्ख्या वर्गाला पुरतं.

तोरणातला उतरलेला झेंडू टाकू नका. पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळल्या की पिवळा रंग येतो, पानं चोळली की हिरवा. ब्रश लागत नाही.

हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून हादगा खेळतात, तो हत्तीही मुलांना फार आवडतो. खडूने मोठा हत्ती तुम्ही काढा, आत पाकळ्या तिला भरू द्या. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर डाळी-बिया नकोत, त्या नाकातोंडात जातात.

घरच्या बादलीत गणपती विसर्जित केला असेल तर तळाची शाडू जपून ठेवा. वरचं पाणी काढा, माती कापडावर पसरून कणकेइतकी घट्ट होऊ द्या आणि मुलीला पणत्या करू द्या. अंगठ्याने दाबलेला खोलगट गोळा म्हणजे पणती, तडा गेला तरी चालेल. मात्र ही माती भाजलेली नसते, म्हणून त्यात तेल-वात नको. गेरूने रंगवून फराळाच्या ताटाशेजारी मांडा. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरायचं कामही तिलाच द्या. रोज पाणी शिंपडलं की तीन-चार दिवसांत हिरवं दिसायला लागतं.

शाळेत आपट्याचा ठसाच द्या. मागे दोन ओळी लिहा : ‘आमच्याकडे आत्ता ही पानं आहेत. हे तिने स्वतः केलंय.’ बाईंना ते नक्की आवडेल.