सातवी झालेल्या मुलाची इंग्रजी वाचन-लेखनाची उजळणी घरच्या घरी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या गावात राहता, मुलगा मराठी शाळेत सातवी झाला, जूनपासून हायस्कूल. सुट्टीत त्याचं साधं इंग्रजी पक्कं करून घ्यायचंय, पण घरात दोघांचंही इंग्रजी बेताचं. आठवीला माध्यम बदलावं का, हेही विचारलंय. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत इंग्रजी शिकवते, त्या अनुभवावरून सांगते.

आधी त्याला वाचता काय येतं आणि नुसतं पाठ काय आहे, हे वेगळं करा. आमच्याकडे पालक हमखास म्हणतात, "बाई, वाचतोय की तो धडाधडा!" वाचतो खरा, पण स्वतःच्या पुस्तकातला धडा. वर्गात वर्षभर सगळ्यांनी एका सुरात म्हटलेला धडा पान न बघताही म्हणता येतो. त्याच धड्यातली एखादी ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायला लावा, लगेच कळेल. त्याहून चांगलं म्हणजे त्यानं कधी न पाहिलेलं पुस्तक. कागल-कोल्हापूरकडे तुमचे पाहुणे असतीलच. त्यांच्या पोरांची बालभारतीची दुसरी ते पाचवीची जुनी इंग्रजी पुस्तकं मागून आणा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे अगदी खालच्या पायरीपासूनची पुस्तकं मिळतात. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा घ्या!

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत इंग्रजी तपासायची पद्धत सरळ आहे: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, तीन अक्षरी सोपे शब्द, मग छोटी वाक्यं, आणि जे वाचलं त्याचा अर्थ. तुम्हीही याच क्रमानं बघा. तो जिथं अडेल तिथून उजळणी सुरू करायची, मग ती दुसरीची पायरी असली तरी. सातवी झाली म्हणून सातवीचंच पुस्तक धरून बसलात तर सुट्टी संपेल आणि हाती काही लागणार नाही. पुस्तक निवडताना अंदाज असा ठेवा: शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त ठिकाणी अडला, तर ते पुस्तक सध्या कठीण. एक खालचं घ्या.

बहुतेक मुलं अडतात ती स्वरांवर. आपली पोरं हायवेवरच्या पाट्या भराभर वाचतात आणि आई-बापांना वाटतं, आलं इंग्रजी. पण हुक्केरीच्या पाटीवर 'यू'चा उच्चार 'उ', तर 'कप' लिहिताना त्याच 'यू'चा उच्चार 'अ'. मग पोरगं 'कप'ला 'कुप' वाचतं. गावांच्या नावांवरून इंग्रजीची परीक्षा घेऊ नका.

इथं आपल्या मुलांकडे एक भांडवल आहे, जे फारसं कोणी वापरत नाही. 'कॅट'मधला ॲ आणि 'हॉट'मधला ऑ मराठीत लिहिता येतो. पण लिहायचं 'पेन' आणि दुखण्याचं 'पेन' आपण एकसारखंच लिहितो. कन्नडच्या कागुणितात, म्हणजे बाराखडीत, ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, आणि ते तुमच्या मुलाला शाळेत शिकवलेले आहेत. 'पी-ई-एन' म्हणजे कन्नडमधला आखूड ए, 'पी-ए-आय-एन' म्हणजे लांब ए, एवढं सांगितलं की फरक कानाला कळतो. (इंग्रजांचा लांब ए थोडा 'एइ'कडे झुकतो, पण सुरुवातीला तेवढ्या खोलात जाऊ नका.) मग जोड्या घ्या: 'टॅप'ला शेवटी 'ई' लावला की 'टेप', 'बिट'ला लावला की 'बाइट'. अशा जोड्यांमध्ये अधूनमधून अर्थ नसलेले बनावट शब्दही घाला, 'डिब', 'फॉम' असले. ते पाठ असण्याची शक्यताच नाही, म्हणून खरं वाचन तिथं दिसतं. 'द', 'वॉज', 'सेड' यांसारखे नियमात न बसणारे शब्द मात्र बघून बघूनच डोळ्यांत बसवावे लागतात.

तुमचं इंग्रजी बेताचं आहे म्हणून अडत नाही. वाक्य वाचून झालं की "याचं मराठीत सांग" म्हणा. सांगता आलं नाही तर वाचन झालेलं नाही. उच्चाराची शंका आली तर मोबाईलवर शब्द ऐका. शब्द लिहून घेताना तुम्ही मराठी शब्द सांगा, त्यानं इंग्रजी लिहावं, आणि पुस्तक उघडून स्वतःच तपासावं.

लेखनात निबंध पाठ करून घेऊ नका. गाय पाळीव प्राणी आहे हे आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाला इंग्रजीत येतं, आणि त्यापुढं एक वाक्यही येत नाही. रोज घरातलीच तीन वाक्यं लिहू द्या: वडील ऊस लावतात, आजी बाजाराला गेली, म्हैस दूध देईना झाली. सुरुवातीला तो क्रियापद शेवटी टाकेल, 'आय मँगो ईट' असं, कारण मराठीत आणि कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच येतं. वाक्याचं पहिलं अक्षर लहान काढेल, कारण मोठं-लहान अक्षर ही भानगड आपल्या दोन्ही लिप्यांत नाही. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक धरा, बाकीच्या सोडून द्या. सगळं पान लाल केलं की मूल लिहायचंच बंद करतं.

रोज अर्धा तास पुरे, तोही सकाळी. मे महिन्यातल्या दुपारी कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही.

माध्यमाचं म्हणाल, तर मे अखेरीस त्याच्यापुढं इंग्रजी माध्यमाचं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक ठेवा. एक पान वाचून त्यातलं निम्मं जरी त्याला मराठीत नीट सांगता आलं, तर माध्यम बदलण्याचा विचार करायला हरकत नाही. नसेल जमत, तर मराठी माध्यमाचंच हायस्कूल बघा आणि इंग्रजी विषय म्हणून चालू ठेवा. शेजारच्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमाला गेला, हे कारण धरू नका.