पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण गेलंय शेजाऱ्याकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅपवर काल संध्याकाळी पार्सल ‘डिलिव्हर्ड’ झालं, हातात मात्र आलं नाही. वॉचमन म्हणतो की दुसऱ्या विंगमधल्या त्याच नंबरच्या फ्लॅटवर दिलं असेल, आणि त्या घरचे म्हणतात की आमच्याकडे काही आलेलं नाही. भांडायचं की सोडून द्यायचं?

दोन्ही नको. पार्सल तुमच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी विक्रेत्याची आहे. पैसे तुम्ही त्याला दिलेत, शेजाऱ्याला नाही. कुरिअरवाला चुकला असेल तर निस्तरायचं विक्रेत्यानेच. हे एकदा पक्कं झालं की शेजाऱ्याच्या दारात आवाज चढवायची वेळ येत नाही. तिथे जायचं ते विचारपूस करायला, जाब विचारायला नाही.

जाण्याआधी थोडा पुरावा हाताशी ठेवा. ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात ट्रॅकिंग नंबर, डिलिव्हरीची वेळ आणि ‘कुणी स्वीकारलं’ हा रकाना आला पाहिजे. बऱ्याच कंपन्या डिलिव्हरीचा फोटो टाकतात, तो मोठा करून नीट बघा. बॉक्सकडे नका बघू, मागे काय दिसतंय ते बघा: सेफ्टी डोअरचा रंग, जिन्यातली फरशी, पायपुसणं, चपलांचा रॅक, नावाच्या पाटीचा कोपरा. कुठली विंग, कुठला मजला हे बहुतेकदा त्यावरूनच कळतं. मग गेटवरचं रजिस्टर किंवा सोसायटीच्या अ‍ॅपमधली एंट्री बघा. डिलिव्हरीवाल्याने आत येताना कुठला फ्लॅट सांगितला ते तिथे सापडतं. त्याला फोन करायचा तर त्याच दिवशी करा, कारण अ‍ॅपमधून लागणारा नंबर बऱ्याचदा तात्पुरता असतो आणि नंतर बंद होतो.

शेजाऱ्यांचं ‘नाही’ बहुतेक वेळा खरं असतं, म्हणजे त्यांच्या माहितीपुरतं खरं असतं. पार्सल घेतलेलं असतं कामाच्या ताईंनी, आजोबांनी नाहीतर शाळेतून आलेल्या मुलाने, आणि ते दारामागे इतर बॉक्समध्ये पडून असतं. म्हणून रात्री आठ-साडेआठला, घरात सगळे असताना जा आणि वस्तूचं वर्णन सांगा: “काकू, माझं एक पार्सल चुकून तुमच्याकडे दिलंय असं वाटतं. खाकी बॉक्स आहे, साधारण बुटांच्या खोक्याएवढा, लेबलवर माझं नाव आहे. काल संध्याकाळी घरी कुणी घेतलं होतं का, जरा विचारता का?” ‘तुम्ही घेतलंत’ असं म्हणू नका. घेतलंत म्हटलं की आळ आला, आणि एकदा आळ आला की कोपऱ्यात सापडलेला बॉक्ससुद्धा लाजेने बाहेर येत नाही. चिठ्ठीवर नाव, फ्लॅट आणि फोन नंबर लिहून ठेवून या.

बॉक्स मिळाला पण उघडलेला असेल, तर तिथे तोंड वाकडं करू नका. पाचसहा ऑर्डरी मागवणारं घर लेबल वाचत बसत नाही. घरी आल्यावर लेबल, फाटलेली टेप आणि आतल्या वस्तूंचे फोटो काढा, बिलाशी ताडून बघा आणि काही कमी असेल तर तसं कंपनीला कळवा. शेजाऱ्याने कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे भरले असतील तर ते त्यालाच लगेच यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. आत इन्सुलिनसारखं थंड ठेवायचं औषध असेल आणि ते बाहेर राहिलं असेल, तर केमिस्टला विचारल्याशिवाय वापरू नका.

नाही मिळाला, तर त्याच रात्री तक्रार करा. इथे बरेच जण घाईत ‘रिटर्न’चा पर्याय निवडतात आणि तिथेच फसतात. रिटर्न म्हटलं की पिकअपवाला येतो, द्यायला बॉक्स नसतो आणि विनंती रद्द होते. ‘डिलिव्हर्ड दाखवतंय पण मिळालं नाही’ हाच पर्याय निवडा. चॅटवर बोललात तर तक्रार क्रमांक मागून घ्या. कंपनीने हात वर केले तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे.

शेजाऱ्याकडेच आहे हे स्पष्ट दिसत असूनही तो देत नसेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि तारीख, वेळ लिहून सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला सांगा. जुनं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून हे लांबवू नका. कायदा तुमच्या बाजूने आहे. चुकून हाती आलेली वस्तू परत करायलाच हवी, असं भारतीय करार कायद्याचं कलम ७२ सांगतं, आणि अप्रामाणिकपणे ती दाबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. तो अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत, त्यामुळे ते सहसा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात. पाचसातशेच्या वस्तूसाठी एवढं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे; रिफंड घ्या आणि रोजचा जिना शांत ठेवा. मोबाईल असेल तर मात्र नक्की करा. बिलावर आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख क्रमांक) असला तर पोलीस तक्रारीच्या प्रतीवर सीईआयआर या सरकारी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करता येतो.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचं नाव किंवा फ्लॅट नंबर टाकू नका. ‘माझं अमुक पार्सल चुकून कुणाकडे आलंय का’ एवढंच विचारा.

याच सुमारास ‘कुरिअर ऑफिसमधून बोलतोय, पार्सल शेजारी गेलंय, *४०१* लावून हा नंबर डायल करा’ असा फोन आला तर ठेवून द्या. अशा कोडने तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळू शकतात आणि कॉलवर सांगितले जाणारे ओटीपी चोराच्या हाती पडतात. चुकून डायल केलंच असेल तर ##००२# लावून सगळं फॉरवर्डिंग बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

रिफंड मिळाल्यावर आठवड्याने बॉक्स सापडला, तर कंपनीला कळवून पिकअप लावा. वस्तू आणि पैसे दोन्ही ठेवता येत नाहीत.

आणि पुढच्या ऑर्डरआधी अ‍ॅपमधले जुने भाड्याच्या घराचे पत्ते काढून टाका. लांब पत्ता लेबलवर शेवटी तुटतो, म्हणून ‘बी विंग’ अगदी सुरुवातीला, फ्लॅट नंबरच्याही आधी लिहा. बी आणि डी घाईत सारखे दिसतात, तेव्हा सूचनेत ‘लिफ्टसमोरचा फ्लॅट’ किंवा ‘देवळाकडची विंग’ अशी एखादी खूण द्या. नकाशावरची पिन मेन गेटवर असेल तर ती तुमच्या विंगच्या दारावर सरकवा. ओटीपी असेल तर बॉक्स हातात घेऊन, लेबलवरचं नाव वाचूनच सांगा.