झुरळांचा बंदोबस्त पावसाआधीच
ठाण्यात घोडबंदरच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहता म्हणून निर्धास्त राहू नका; झुरळं डक्टमधून (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीतून) चढतात. मे महिन्यातच सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथली फट एम-सीलने बुजवा. मग झुरळं मारायचं जेल (विषारी आमिष) लावा: ट्रॉलीच्या बिजागऱ्यांजवळ, फ्रिजच्या मोटरमागे (तिथे ऊब असते), ओट्याखालच्या कोपऱ्यांत. मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके, एकच मोठा गोळा नको. त्यावर स्प्रे अजिबात मारू नका. त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. लहान तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशातून ३०-४० पिल्लं निघतात, म्हणून ३ आठवड्यांनी पुन्हा ठिपके द्या. वापरात नसलेल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखाली पाणी साठून राहतं तो भाग) आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. ट्रॅप सुकला की गटारातली मोठी झुरळं थेट घरात.