जाड तेलात नवीन आलास? आधी एवढंच बघ

मेहसाण्याच्या तेलक्षेत्रात जॉइन होतोयस हे वाचून खूप बरं वाटलं, तिथे जाड तेल म्हणजे सहज न वाहणारं घट्ट कच्चं तेल निघतं, त्याच्या क्षेत्रांची बलोल आणि संथाल ही दोन नावं नीट लक्षात ठेव, बलोलला 1990 मध्ये जमिनीखालीच तेलाचा थोडा भाग जाळून उरलेलं काढायचा पायलट झाला आणि 1997 पासून तो मोठ्या प्रमाणावर सुरू झाला.

पहिल्याच आठवड्यात सिम्युलेशनचं (जमिनीखाली काय होतं ते कॉम्प्युटरवर मांडायचं) सॉफ्टवेअर उघडून बसू नकोस, ही चूक जवळपास सगळे करतात. त्यापेक्षा लॅबमधून सॅम्पलची बाटली घे, थंडीत सकाळी उलटी धर, तेल जागचं हलणार नाही, मग गरम पाण्यात ठेव आणि बघ कसं धावतं. सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे.

मग एवढं पक्कं कर:

- खाली मुख्यतः कोक जळतो, म्हणजे तेलातल्या जडातल्या जड भागाचा कोळशासारखा उरलेला गाळ, हलका भाग पुढे ढकलला जातो. म्हणून वर येणारं तेल कधीकधी मूळच्यापेक्षा थोडं पातळ मिळतं.
- आग चालू ठेवायला विहिरीतून खाली सोडलेली हवा कमी पडली की आग मंदावते आणि कमी तापमानाला ऑक्सिजन तेलाशी जुळून ते उलट आणखी घट्ट होतं, नवीन माणसाला हे पटतच नाही.
- उत्पादन विहिरीच्या गॅसचा रिपोर्ट रोज वाच. ऑक्सिजन वाढताना दिसला तर लगेच सीनियरला सांग, तिथे स्फोटाचा धोका असतो.

गॅस डिटेक्टर लावल्याशिवाय विहिरीजवळ जायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ), आडव्या विहिरी वगैरे सहा महिन्यांनी विचार, सांगतो.