लातूरमध्ये खाऱ्या पाण्याचा रीफ (प्रवाळांचा) टँक: लाइव्ह रॉक कुठून आणू, आणि मासे कधी सोडू?

तुम्ही लिहिलंय की घर लातूरला आहे, गोड्या पाण्याचा टँक बरीच वर्षं सांभाळलाय, तीन फुटी नवी काच दसऱ्यापर्यंत हातात येईल आणि मुंबईचा एक विक्रेता ‘अस्सल समुद्रातला’ लाइव्ह रॉक ट्रॅव्हल्सनं पाठवायला तयार आहे. मी परभणीचा. आपलं पाणी सारखंच आणि ऊनही सारखंच, म्हणून सविस्तर लिहितो.

तो रॉक घेऊ नका. लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा जुना सांगाडा, आणि त्यावर जिवंत प्रवाळाचे तुकडेही चिकटलेले असू शकतात. आपल्याकडे २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही त्याच यादीत. विक्रेता ‘फार्मचा माल आहे’ म्हणाला तर पक्कं बिल आणि कागद मागा. बहुतेकदा बोलणं तिथंच संपतं.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. मुंबईहून येईपर्यंत रॉकवरचे स्पंज आणि बारीकसारीक जीव मरतात, सडतात आणि टँकमध्ये अमोनिया सोडतात. जे जगून येतं त्यात एप्टेशिया नावाचं चिवट समुद्रफूल किंवा रात्री टकटक करणारी मँटिस कोळंबी निघाली, की ती काढता काढता नाकी नऊ येतात.

मुळात रॉकचं काम काय, तर भरपूर छिद्रं आणि त्या छिद्रांत जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्याचं नायट्रेट. हे जिवाणू कोरड्या रॉकवरही वसतात, फक्त वेळ लागतो. म्हणून कोरडा अरॅगोनाइट (चुनखडीसारखं खनिज) किंवा सिरॅमिक रॉक घ्या. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ मिसळून घरीही रॉक करता येतो. पण सिमेंटमुळे पाण्याचा पीएच एकदम चढतो, तेव्हा तो दीड-दोन महिने पाणी बदलत भिजवावा लागतो. त्याला बोअरचं पाणी चालतं. आपला काळा दगड मात्र नको. तो जड आणि घट्ट, जिवाणूंना आत जागाच नाही. सच्छिद्र काळ्या दगडातल्या पांढऱ्या स्फटिकांना झिओलाइट म्हणतात आणि ते अमोनिया शोषतात, असं कुणी सांगेल. गोड्या पाण्यात ते खरं आहे. खाऱ्या पाण्यात सोडियमच ती जागा अडवून बसतो.

रॉक रेतीवर रचू नका. आधी तळाच्या काचेवर रॉक पक्का बसवा, मग भोवती रेती घाला. रेती उकरणारा मासा पुढे आणलात तरी डोलारा कोसळणार नाही.

जुन्या टँकचा फिल्टर इकडे लावून जिवाणू मिळतील, ही आशा सोडा. गोड्या पाण्यातले जिवाणू खाऱ्यात टिकत नाहीत. बाटलीतले समुद्री जिवाणू मिळतात, ते आणा. त्यांना खायला अमोनिया हवा, त्यासाठी नवसागर. कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तोच, पण प्रयोगशाळेच्या दर्जाचा, केमिकलच्या दुकानातून. दोनशे लिटरला सव्वा ग्रॅम टाकला की साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया होतो. सोनाराच्या काट्यावर मोजा, चिमटीनं नको. एवढा अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, म्हणजे सायकल, अर्थात जिवाणू वसण्याचं काम, पूर्ण. चार ते सहा आठवडे धरा, कोरड्या रॉकला जरा जास्तही लागतात. तोवर दिवे बंद ठेवलेत तरी बिघडत नाही.

आता पाणी, कारण आपल्याकडे टँक रॉकमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त फसतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हजाराच्या घरात असतो, टँकरचा तर दर खेपेला वेगळा. रीफला तो शून्य लागतो, नाहीतर सिलिकेट आणि नायट्रेटवर तपकिरी-हिरवं शेवाळ माजतं. घरचा आरओ एका लिटरमागे तीनेक लिटर पाणी सोडून देतो, शिवाय त्याचं पाणीही शून्यावर येत नाही. त्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) कार्ट्रिज जोडावंच लागतं. कॉलनीतल्या प्लँटचे वीस लिटरचे जार आणून ते पाणी रेझिनमधून काढलं तरी चालतं. मी तेच करतो. टीडीएस मीटर मात्र स्वतःचा ठेवा, प्लँटवाल्याच्या शब्दावर राहू नका. दोनशे लिटरला टँकसाठी मिळणारं सात-साडेसात किलो समुद्री मीठ लागेल, स्वयंपाकाचं नव्हे. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), आणि तो रिफ्रॅक्टोमीटर या थेंबातून खारटपणा दाखवणाऱ्या नळीनं मोजायचा.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुमच्या गावानं पाहिलंय, तेव्हा शेजारी विचारणारच: पाण्याची ही चैन कशाला? हिशेब सांगून टाका. घरचा कूलर मेमध्ये एका दिवसात जेवढं पाणी पितो, तेवढ्यात टँकची पंधरवड्याची वाफ भरून निघते. आरओचं सोडलेलं पाणी फरशीला वापरा. टँकमधून काढलेलं खारं पाणी झाडांना कधीच नको.

आणि मे. प्रवाळांना २५-२६ अंश मानवतात, तिशीच्या वर ती पांढरी पडू लागतात. इथं आपली हवा उपयोगी पडते. मुंबईत दमटपणामुळे टँकवर लावलेला पंखा फारसं काम करत नाही; आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तोच पंखा पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरवतो. बदल्यात दिवसाला चारेक लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची. त्याच खोलीत कूलर लावलात तर हवा दमट होऊन पंख्याचा गुण जातो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर टँक ठेवणार असाल तर पंख्याच्या भरवशावर राहू नका, चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे धरूनच चाला. खालची, उत्तरेकडची खोली उत्तम. माळवदाचं जुनं घर असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. हिवाळाही नावापुरता नाही: डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटर लागतोच.

लाइट गेली तर आधी पाणी हलवणारा पंप चालू राहिला पाहिजे, कारण कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. पंप आणि डीसी पंखा घरच्या इन्व्हर्टरवर आरामात तासन्‌तास चालतात. चिलर त्यावर टाकू नका.

तारखांचं म्हणाल तर दसऱ्याला पाणी भरा, डिसेंबरपर्यंत सायकल होईल. मग गोगलगायी, आणि जानेवारीत क्लाउनफिशची एक जोडी. हा मासा आपल्याकडे हॅचरीत वाढवलेला मिळतो, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं प्रजनन तंत्र बसवलेलं आहे. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा तो पेलेट (गोळ्यांचं खाद्य) लवकर खातो. मार्चनंतर ट्रॅव्हल्सनं काहीही जिवंत मागवू नका, थर्माकोलचा डबा असला तरी. झोअँथिड आणि मशरूमसारखी सोपी प्रवाळं पहिला पाऊस पडल्यावर जुलैत आणा, बिल घेऊनच. एप्रिल-मेमध्ये पाणी २८ च्या आत राहिलं का, ते रोज दुपारी चारला थर्मामीटर बघून लिहून ठेवा. ते आकडे इथं टाकलेत तर चिलर किती ताकदीचा लागेल ते सांगता येईल.