मोतीबिंदू काढला, तरी चेहरा दिसेना

प्रश्न : आईचं वय ७२. सहा महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. अंगणातलं सगळं दिसतं, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. दाराची चौकट मधे वाकल्यासारखी दिसते म्हणते. ऑपरेशन बिघडलं का? (एक वाचक, माजलगाव)

चौकट वाकडी दिसते, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. मोतीबिंदूने नजर धुरकटते, सरळ रेघ वाकडी होत नाही. ऑपरेशननंतर लेन्समागची पिशवी गढूळ झाली तरी सगळंच सारखं अंधूक दिसतं आणि ते काही मिनिटांच्या लेझरने साफ होतं. रेघ वाकते तेव्हा दोष बहुधा डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात असतो. या वयात तो भाग झिजतो. मोतीबिंदू दाट असला की त्याच्या आडून पडदा नीट तपासता येत नाही, म्हणून हा आजार कित्येकदा ऑपरेशननंतरच कळतो. मधुमेहाने किंवा ऑपरेशननंतर आलेली सूजही असंच करते. नेमकं काय ते पडद्याच्या ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत दिसतं.

घरी आजच हे करा. चौकडीच्या वहीच्या पानावर मधोमध ठळक ठिपका काढा. जवळचा चष्मा लावून, पान साधारण ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा तळहाताने झाकून नुसत्या ठिपक्याकडे बघायला सांगा. मग दुसरा डोळा. चौकडी कुठे वाकते, कुठे पुसली जाते ते त्यांनाच पेन्सिलने दाखवू द्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो.

झीज ‘ओली’ असेल, म्हणजे पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या गळत असतील, तर डोळ्यात इंजेक्शनं देतात. बहुधा पहिले तीन महिने दरमहा एक, पुढचं स्कॅन बघून. इंजेक्शन सुरू करण्यात आठवडे घालवले तर व्रण पडतो आणि गेलेली नजर येत नाही. ‘कोरडी’ असेल तर ल्युटिन, झिंक वगैरेच्या गोळ्या ठरावीक टप्प्यातच आजाराचा वेग कमी करतात. मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नका. तंबाखू ओढायची सवय असेल तर ती बंदच.

पडद्याचे डॉक्टर अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरला घाटी रुग्णालयात विचारा. जाताना ऑपरेशनचं कार्ड, सगळे चष्मे, शुगरचा रिपोर्ट घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, पुढे चार-सहा तास धूसर दिसतं. सोबत माणूस हवाच.

प्रश्न : वडिलांना काचबिंदू आहे. थेंब घालून काही फरक पडेना, म्हणून बंद केले. चालेल का? (औसा)

चालणार नाही, आजच सुरू करा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या. थेंबांनी नजर वाढत नाही, उरलेली टिकते. काचबिंदू कडेची नजर आधी खातो, त्यामुळे माणूस वाचतो, चेहरे ओळखतो आणि बाजूने आलेल्या मोटारसायकलला धडकतो.

खालची पापणी ओढून एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबायचा, नाहीतर औषध नाकावाटे घशात उतरतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी. दमा असेल तर आधी सांगा, टिमोलॉल या काचबिंदूच्या थेंबाने धाप वाढते. बाटलीवर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असेल तर मे महिन्यात पत्र्याखालच्या फडताळात ठेवू नका. वडिलांच्या भावंडांचा आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांचाही डोळ्याचा दाब व डोळ्यामागची नस तपासून घ्या.

प्रश्न : मोतीबिंदू पिकू द्यावा म्हणतात. खरं का? (वसमत)

तो जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचा सल्ला. आता निवडणं-टिपणं, रस्ता ओलांडणं अडायला लागलं की करून घ्यायचं. फार पिकला तर कडक होतो, ऑपरेशन अवघड जातं. फुगून डोळ्याचा दाबही वाढू शकतो. डोळा लाल, जबर ठणका, डोकं दुखून उलटी, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब कोणी विकत असेल तर पैसे वाचवा, असं औषध अजून नाही.